डोक्यावर छप्पर आणि रोजची गोळी: एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपचार केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. महिन्याच्या तीस दिल्या होत्या, आज एकही उरायला नको होती, पण डबीत नऊ निघाल्या. ‘का चुकल्या?’ असं विचारलं की बहुतेक जण खाली बघून ‘विसरलो’ म्हणतात. समुपदेशकाच्या खुर्चीत बसून हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता तिथेच थांबत नाही. ‘सध्या झोपायला कुठे असता?’ असं विचारलं की हळूहळू खरी गोष्ट बाहेर येते. खोली सोडावी लागली, आठवडाभर मित्राकडे पथारी होती, चार जणांसमोर डबी काढायची सोय नव्हती. ‘विसरलो’ म्हणायला सोपं जातं. ‘मला राहायला जागा नाही’ म्हणताना जीभ अडखळते.

खालचे प्रश्न रुग्णांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि केंद्रांत काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

गोळी तर खिशातही मावते. मग घराचा आणि तिचा संबंध काय?

गोळी खिशात मावते, पण ती घेण्यासाठी जे लागतं ते मावत नाही. डबी सुरक्षित राहील असा कोपरा लागतो. घोटभर स्वच्छ पाणी लागतं. आजूबाजूला कुणी ‘हे कसलं औषध?’ म्हणून डोकावणार नाही असं एक मिनिट लागतं. आणि दिवसाला काहीतरी ठरलेला क्रम लागतो. दात घासले की गोळी, जेवण झालं की गोळी, अशी सवय एखाद्या कृतीला बांधली तर टिकते. ज्याला रात्री कुठे टेकायचं हे संध्याकाळपर्यंत ठाऊक नसतं, त्याने ती कशाला बांधायची?

काही औषधांच्या स्वतःच्याही अटी असतात. रिलपिव्हिरिन पोटभर जेवणासोबतच घ्यावं लागतं. रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. एफाव्हिरेन्झ उलट रिकाम्या पोटी, झोपण्यापूर्वी घ्यायचं असतं आणि त्याने गरगरतं, गुंगी येते, विचित्र स्वप्नं पडतात. बंद दाराआड झोपणाऱ्याला हा त्रास सोसता येतो. उघड्यावर झोपणाऱ्या बाईचा विचार करा. रात्री सावध राहणं हीच तिची सुरक्षा असते. तिने गोळी टाळली तर तिला बेफिकीर कसं म्हणायचं? जुलाब होत असतील आणि शौचालय रात्री बंद होत असेल तरीही माणूस हाच हिशेब करतो. डोल्युटेग्राव्हिरवर आधारलेल्या आजच्या गोळ्यांना जेवणाची अट नाही आणि त्रासही बराच कमी आहे, म्हणून राहण्याची सोय पक्की नसलेल्यांसाठी त्या फार मोलाच्या आहेत. तुमचं जुनं औषध तुमच्या राहणीत बसत नसेल तर बदलून मागता येतं. मागायला संकोचू नका.

बेघर म्हणजे रस्त्यावर राहणारे ना? मी तर नातेवाइकांकडे राहतो.

रस्ता हे त्याचं सगळ्यात उघडं रूप झालं. पण आज या मित्राकडे, उद्या त्या मावशीकडे, कुठेच आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही, हीदेखील अस्थिरताच आहे. भाडं दोन महिने थकलंय आणि मालक रोज दारात उभा राहतोय. कामाच्या जागीच झोपायला परवानगी आहे, पण काम गेलं की जागाही जाणार. रुग्णालयातून किंवा तुरुंगातून सुटका झालीय, पण परत जायला घर नाही. हे सगळे यातच मोडतात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहज वापरतो. त्या पाठीवरच्या बिऱ्हाडात रोज न चुकता घ्यायच्या औषधाची डबी असली की म्हणीतली गंमत संपते.

स्वतःला ‘बेघर’ म्हणवत नाही म्हणून ही माणसं मदतीच्या यादीत येत नाहीत. तुमची अवस्था यातली असेल तर केंद्रात तशी सांगा, शब्द कुठलाही वापरा.

एखाद-दुसरी गोळी चुकली तर इतकं काय बिघडतं?

एक गोळी चुकल्याने आभाळ कोसळत नाही. आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल (डोल्युटेग्राव्हिरच्या बाबतीत चार तासांच्या आत) तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका.

बिघडतं ते सलग खंड पडला की. एचआयव्ही शरीरातून पूर्ण जात नाही. काही पेशींमध्ये तो निपचित पडून राहतो आणि औषधाचा पहारा उठला की पुन्हा वाढायला लागतो. उपचार पूर्ण थांबवले तर साधारण दोन ते चार आठवड्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, परत वर येतो. ‘मध्ये मध्ये थांबलं तर शरीराला विश्रांती मिळेल’ हा समज एका मोठ्या अभ्यासाने कायमचा खोडून काढला. स्मार्ट नावाच्या या अभ्यासात ३३ देशांतले ५,४७२ लोक होते. सीडी४ (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) चांगल्या असताना औषध थांबवणाऱ्या गटात आजारपणं आणि मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००६ च्या जानेवारीत नवी भरती थांबवून सगळ्यांना औषध पुन्हा सुरू करायला सांगण्यात आलं.

दुसरा धोका औषध-प्रतिकाराचा. एका गोळीत सहसा तीन औषधं असतात आणि ती रक्तातून एकाच वेगाने उतरत नाहीत. एफाव्हिरेन्झसारखं औषध गोळी बंद केल्यावरही कित्येक दिवस रेंगाळतं, बाकीची त्याआधीच संपतात. त्या दिवसांत विषाणूसमोर एकटंच औषध उभं असतं आणि एकट्या औषधाला चकवायला विषाणू लवकर शिकतो. मग ते औषध पुढे उपयोगाचं राहत नाही. डोल्युटेग्राव्हिर या बाबतीत बरंच चिवट आहे, तरी त्याच्या भरवशावर ढिलाई करू नये.

आणि ज्यांना हिपॅटायटिस बी देखील आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवा: टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधं तोही आजार दाबून ठेवतात. ती अचानक बंद झाली तर यकृताला जोराची सूज येऊ शकते.

९५ टक्के गोळ्या घेतल्याच पाहिजेत, असं म्हणतात. ते खरं का?

हा आकडा २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला. तेव्हाची औषधं वेगळी होती, दिवसातून अनेकदा घ्यावी लागत आणि डोस चुकल्यावर लगेच उतरत. आजच्या औषधांत थोडी सवलत आहे. पण मी रुग्णाला टक्केवारी सांगायचं सोडून दिलंय. ज्याच्याकडून महिन्यात पाच गोळ्या चुकल्या तो ‘आपण नापास झालो’ म्हणून सहाव्या वेळी केंद्रातच येत नाही. रोजची रोज घ्यायची हे धरून चाला. चुकली तर या आणि सांगा.

घर मिळाल्यावर खरंच फरक पडतो, याला पुरावा आहे का?

आहे, आणि तो बराच आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात १५२ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. राहण्याची सोय जितकी डळमळीत तितकं उपचारात टिकणं अवघड, गोळ्या घेणं अवघड आणि व्हायरल लोड दाबला जाणंही अवघड, हे चित्र त्यात पुन्हा पुन्हा दिसलं.

कुणी म्हणेल, बेघर माणसाला गरिबी असते, व्यसन असतं, नैराश्य असतं. दोष घर नसण्याचा कशावरून? शंका रास्त आहे. तिचं उत्तर शिकागोमधल्या एका प्रयोगाने बरंचसं दिलं. रुग्णालयात दाखल झालेल्या, एचआयव्ही असलेल्या १०५ बेघर व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला कायमचं घर आणि पाठपुराव्याला एक कार्यकर्ता मिळाला, दुसऱ्याला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आले. वर्षभरानंतर जिवंत आणि प्रतिकारशक्ती शाबूत, म्हणजे सीडी४ किमान २०० आणि व्हायरल लोड एक लाखाच्या खाली, असे लोक घर मिळालेल्या गटात ५५ टक्के होते, दुसऱ्यात ३४ टक्के. औषधं दोन्हीकडे उपलब्ध होती.

२०१० मधला दुसरा मोठा प्रयोग इतका सरळ नाही, आणि तो लपवणं बरोबर नाही. बाल्टिमोर, शिकागो आणि लॉस एंजेलिसमधल्या ६३० लोकांपैकी निम्म्यांना लगेच भाड्याची मदत मिळाली. दोन गटांच्या व्हायरल लोडमध्ये ठळक फरक दिसला नाही. पण १८ महिन्यांत मदत न मिळालेल्या गटातल्याही ५१ टक्के लोकांनी आपापली जागा मिळवली होती. मग संशोधकांनी गट बाजूला ठेवून ज्यांना घर होतं आणि ज्यांना नव्हतं अशी तुलना केली, तेव्हा घर नसलेल्यांची तब्येत मागे पडलेली दिसली. माझ्या मते यातून उलट एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. घर कुणी दिलं याला फारसं महत्त्व नाही, माणसाला ते मिळालं का, हे महत्त्वाचं.

अमेरिकेने तर १९९० मध्येच एड्स असलेल्यांच्या घरांसाठी वेगळा कायदा केला. परिणामकारक औषधं यायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

आधी राहण्याचं मार्गी लागू दे, मग गोळ्या सुरू करीन. चालेल?

नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून सांगितलं आहे की सीडी४ कितीही असोत, निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार मिळाले पाहिजेत. २०१७ मध्ये त्यात भर पडली: निदानापासून सात दिवसांत उपचार सुरू व्हावेत आणि व्यक्तीची तयारी असेल तर त्याच दिवशी. यात पत्त्याची अट कुठेही नाही. एखाद्या ठिकाणी ‘पत्त्याचा पुरावा आणा, मग बघू’ असं ऐकावं लागलं तर गप्प परत जाऊ नका. वरिष्ठांना भेटा किंवा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या एखाद्या गटातल्या कार्यकर्त्याला सोबत न्या. घर मिळायला वर्ष लागेल, विषाणू तेवढा थांबणार नाही.

डबी ठेवू कुठे? सामान चोरीला जातं, पावसात भिजतं.

दोन जागी विभागून ठेवा. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या अंगावर, म्हणजे आतल्या खिशात किंवा कमरेच्या पाकिटात. बाकीच्या अशा जागी जिथे तुम्ही नेहमी जाता: विश्वासातला मित्र, कामाच्या जागेचं कुलूपबंद कपाट, निवारागृहाचं कार्यालय, काही वेळा खुद्द उपचार केंद्र. सगळं एकाच पिशवीत ठेवलं की पिशवी गेल्यावर महिना जातो.

बहुतेक गोळ्यांना फ्रिज लागत नाही. ३० अंशांच्या आसपास तापमान आणि कोरडी जागा पुरते. उन्हात उभ्या गाडीत, पत्र्याखाली, चुलीजवळ ठेवू नका. मूळ डबीत ओल शोषणारी पुडी असते, ती फेकू नका. मोठा साठा त्याच डबीत राहू द्या, रोजच्या दोन-तीन तेवढ्या छोट्या डबीत काढा.

आवाजाचं काय, हाही प्रश्न येतो. चालताना गोळ्या खुळखुळल्या की लोक विचारतात. छोट्या डबीत कापसाचा बोळा घातला की आवाज बंद होतो. वरचं लेबल खरवडून काढायची इच्छा होते, हेही समजू शकतं. पण त्याआधी चिठ्ठीचा आणि लेबलचा फोटो कुठेतरी जपून ठेवा. बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचलात किंवा पोलिसांनी झडती घेतली तर निनावी गोळ्या कसल्या, हे सांगणारं काहीतरी हवं.

गोळ्या हरवल्या किंवा संपल्या आणि तारीख अजून लांब आहे.

त्याच दिवशी केंद्राला कळवा. तारखेची वाट पाहू नका. ‘हरवल्या म्हणून ओरडतील’ या भीतीने आठवडे वाया जातात, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी ओरडतातही. तरी जा. उरलेल्या पुरवून वापरायच्या म्हणून अर्धी गोळी घेणं किंवा एक दिवसाआड घेणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. त्यात औषध शरीरात असतं, पण अपुरं. दुसऱ्या रुग्णाच्या गोळ्या उसन्या घेण्याआधीही विचारा. दोघांची औषधं सारखीच असतील असं नाही.

एकदम तीन-सहा महिन्यांच्या गोळ्या मिळतात. घेऊ का?

तब्येत स्थिर असलेल्यांना असा मोठा साठा द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण खेपा वाचतात. पण ती साठा ठेवायला जागा आहे असं गृहीत धरून केलेली आहे. जागा नसेल तर महिन्याच्याच मागा, किंवा साठा केंद्रातच ठेवून पंधरवड्याला घेऊन जाण्याची सोय होते का ते पाहा. याउलट जे सतत गाव बदलतात त्यांना मोठा साठाच तारतो. दोघांना एकच नियम लावू नये.

काम संपलं, गाव बदललं. आता?

निघण्याआधी बदलीचं पत्र आणि औषधांची नावं लिहिलेला कागद घ्या. अचानक निघावं लागलं तर नव्या ठिकाणच्या केंद्रात तसंच जा आणि पहिल्याच दिवशी ‘मी आधीपासून औषधावर आहे, शेवटची गोळी अमुक दिवशी घेतली’ असं सांगा. जुन्या औषधाचा फोटो असेल तर काम फार सोपं होतं. फोन नंबर बदलला असेल तर जुन्या केंद्रालाही कळवा. नाहीतर तिथल्या वहीत तुमच्या नावापुढे ‘उपचार सोडले’ अशी नोंद होते आणि कुणीतरी महिनोन्‌महिने बंद नंबरावर फोन करत बसतं.

खोली भाड्याने घेताना मालकाला एचआयव्हीबद्दल सांगावं लागतं का?

सांगण्याचं काही कारणच नाही. एकाच घरात राहिल्याने, एका ताटात जेवल्याने, एक शौचालय वापरल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. तुमच्या रक्ताचा अहवाल हा भाडेकराराचा भाग नाही. अनेक देशांच्या कायद्यांत एचआयव्हीच्या कारणावरून जागा नाकारणं किंवा घराबाहेर काढणं हा भेदभाव मानला जातो. तुमच्यावर ती वेळ आली तर मोफत कायदा मदत देणाऱ्यांना गाठा. जाण्याआधी मालकाचे निरोप, पावत्या, करार जपून ठेवा.

मला घर आहे. पण घरातच लपवावं लागतं.

हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यात बायका आणि तरुण मुलं जास्त. कागदोपत्री यांच्याकडे पत्ता आहे, दार आहे, छप्पर आहे. पण डबी धान्याच्या डब्यात पुरलेली असते आणि गोळी न्हाणीघरात नळ सोडून घ्यावी लागते. घरात पाहुणे आले की दोन दिवस गोळी नाही. कळलं तर घराबाहेर काढतील ही भीती इतकी खरी असते की औषध टाळणं हाच घर टिकवण्याचा मार्ग वाटतो.

इथे ‘सांगून टाका, मन मोकळं होईल’ असा सल्ला मी देत नाही. सांगितल्यावर मार बसणार असेल, मुलं हिरावली जाणार असतील, रस्त्यावर यावं लागणार असेल, तर आधी जाण्याची जागा ठरली पाहिजे, मग सांगण्याचा विचार. तोवर घराबाहेर घेता येईल अशी वेळ निवडा, उदाहरणार्थ कामावर पोचल्याबरोबर. दिवसातून एकदाच्या गोळीला सकाळ-संध्याकाळ असा हट्ट सहसा नसतो; रोज साधारण तीच वेळ असली म्हणजे झालं. साठा घराबाहेर ठेवा. केंद्राला सांगा की फोनवर कुठल्या नावाने बोलायचं आणि कुठला निरोप पाठवायचा नाही.

सांगायचंच असेल तर पहिल्यांदा एकाच माणसाला सांगा, आणि तो माणूस नीट पारखून निवडा. सोबत एक माहिती द्या, जिने कित्येक घरांतली भीती कमी झालेली मी पाहिली आहे: औषध नियमित घेऊन व्हायरल लोड चाचणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासांत, एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा शेकडो जोडप्यांचा कंडोमशिवायच्या संबंधांसह पाठपुरावा केला गेला. उपचाराने विषाणू दाबलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

निवारागृहात गर्दी फार असते. दुसरे आजार लागतील का?

सगळ्यात मोठी काळजी क्षयरोगाची. एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंमागे जगभर क्षयरोग हेच सर्वांत मोठं कारण आहे, आणि बंद खिडक्यांच्या, दाटीवाटीच्या खोलीत तो सहज पसरतो. झोपायला खिडकीजवळची जागा मागा. खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटणं, यातलं काहीही असेल तर ‘दोन आठवडे बघू’ म्हणू नका, लगेच सांगा. क्षयरोग होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्याही असतात, त्यांची चौकशी करा. क्षयरोगाचे उपचार सुरू झालेच तर एचआयव्हीच्या उपचार केंद्राला कळलंच पाहिजे, कारण रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधामुळे डोल्युटेग्राव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यावं लागतं.

रोजच्या गोळीऐवजी इंजेक्शन आलंय म्हणे.

आलंय. कॅबोटेग्राव्हिर आणि रिलपिव्हिरिन ही दोन इंजेक्शनं दर महिन्याला किंवा दर दोन महिन्यांनी घ्यायची. डबी नाही, लपवणं नाही, चोरी नाही. सुरुवातीला ती ज्यांचा व्हायरल लोड आधीच दबलेला आहे अशांसाठीच मंजूर झाली, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज होती तेच बाहेर राहिले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉर्ड ८६ या जुन्या एचआयव्ही दवाखान्याने हे मानलं नाही. तिथे २०१९ पासून बेघर लोकांसाठी वेळ न ठरवता थेट येता येईल असा वेगळा दवाखाना चालतो. त्यांनी ज्यांच्या रक्तात विषाणू भरपूर होता अशांनाही, चांगल्या पाठपुराव्यासह, इंजेक्शनं दिली. २०२३ मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांत अशा ५७ जणांपैकी ५४ जणांचा विषाणू दबला होता. पुढे गोळ्या घेण्यात अडचणी येणाऱ्यांवर केलेल्या लॅटिट्यूड या चाचणीत इंजेक्शनं रोजच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरली, इतकी की २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांना दोन गटांत वाटणं थांबवण्याची शिफारस झाली.

मात्र इंजेक्शन सगळीकडे मिळत नाही. हिपॅटायटिस बी असेल तर ते एकटं पुरत नाही. आणि तारीख चुकली तर औषध महिनोन्‌महिने अपुऱ्या प्रमाणात शरीरात राहतं, तिथेही प्रतिकाराचा धोका आहेच. त्यामुळे शोधून काढणारा, फोन करणारा, रस्त्यावर येऊन भेटणारा माणूस असल्याशिवाय हा उपाय अर्धाच आहे.

दारू सोडली तरच जागा देऊ, असं सांगतात. हे योग्य आहे का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम लावला. आधी घर, अटींशिवाय. व्यसन आणि मनाच्या आजारावरची मदत त्यानंतर, माणसाच्या इच्छेनुसार. ‘आधी घर’ हे सूत्र नंतर अनेक देशांनी स्वीकारलं, कारण अशा घरांत लोक टिकून राहिले. उघड्यावर झोपणारा माणूस थंडी आणि भीती बुजवायला पितो. त्याला आधी पिणं सोड म्हणणं म्हणजे पाण्याबाहेर उभं करून पोहायला शिक म्हणण्यासारखं आहे. आणि दारू प्यायलात म्हणून त्या रात्रीची गोळी टाळू नका. हा गैरसमज फार गोळ्या खातो.

मी केंद्रात काम करते. रुग्णाला हे सगळं कसं विचारू?

‘तुम्हाला घर आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ येतं. ‘काल रात्री कुठे झोपलात?’, ‘गेल्या दोन महिन्यांत किती जागा बदलल्या?’, ‘पुढच्या महिन्यात याच जागी असाल का?’, ‘गोळ्या आत्ता कुठे आहेत?’ असं विचारा. हे दर भेटीत विचारा, कारण मार्चमध्ये स्थिर असलेला माणूस मेमध्ये नसतो. उत्तर फायलीत अशा जागी लिहा की औषध देणाऱ्यालाही दिसेल.

मग जे हातात आहे ते करा. निवारागृहाची रांग दुपारी चारला लागत असेल तर त्याला चारची वेळ देऊ नका. रांग सोडून तो येणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. उशिरा आला म्हणून परत पाठवू नका. घराच्या योजनेचा अर्ज भरायला दहा मिनिटं द्या, डॉक्टरांचं पत्र लागत असेल तर मिळवून द्या. घर देणं तुमच्या हातात नसेल, पण व्हायरल लोड वाढला की औषध बदलण्याआधी पत्ता बदललाय का, हे विचारणं आहे.

भाऊ माझ्याकडे गोळ्या ठेवायला देतो म्हणतोय. ठेवू का?

ठेवा. एवढंच करा की तो रात्री-अपरात्री आला तरी दार उघडेल, आणि दर वेळी ‘घेतलीस का?’ म्हणून उलटतपासणी होणार नाही. गोळीसोबत जेवायला विचारा.

घर मिळून तीन महिने झाले, तरी गोळ्या चुकतात. माझंच काहीतरी चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. जागा बदलताना जुनी घडी मोडते, ती घडी कितीही वाईट असली तरी. निवाऱ्यात कुणीतरी आठवण करत होतं, पुलाखाली शेजारी झोपणारा ‘गोळी घेतलीस का’ म्हणत होता, रस्त्यावर येणारी कार्यकर्ती दर मंगळवारी भेटत होती. नव्या खोलीत दार लावलं की कुणीच नाही. केंद्र आता दोन बस बदलून जाण्याच्या अंतरावर गेलं असेल. बऱ्याच जणांना या पहिल्या महिन्यांत झोप लागत नाही, रडू येतं, खोलीत असूनही जमिनीवर झोपावंसं वाटतं. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं, सुरक्षित जागा मिळाल्यावरच वर येतं.

जुन्या कार्यकर्तीला सांगा की घर मिळालं म्हणून भेटी बंद करू नका, निदान सहा महिने. केंद्र लांब पडत असेल तर जवळच्या केंद्रात नाव बदलून घ्या. उदास वाटणं आठवड्यांवर गेलं तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही औषध आणि मदत आहे. आणि डबी आता उघड्यावर ठेवा. इतकी वर्षं लपवायची सवय लागलेली असते, म्हणून नव्या घरातही ती कपड्यांच्या तळाशी जाते आणि दिसत नाही म्हणून राहून जाते. ब्रशशेजारी ठेवा. तिथे आता कुणी बघत नाही.